साध्या पाण्याची टाकी

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
२६ एप्रिल २०२५

चि. अंबिकास,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून तुला वाटेल, आण्णांना अचानक काय झालं. काही झालेलं नाही. दर रविवारी तू कोचीहून मायला फोन करतेस आणि मी शेजारी खाटेवर बसून एका बाजूचं बोलणं ऐकतो. शेवटी ती "आण्णाला देऊ का?" म्हणते आणि तिकडून जे काही येतं ते ऐकून फोन कानाशी आणखी घट्ट धरते. सहा वर्षं हेच चाललंय. कागदावर तुला मधेच "नंतर बोलते" म्हणता येणार नाही, म्हणून कागद.

इथं ऊन नेहमीचंच. नळाला पाणी आठ दिवसांनी, तेही आलं तर. कूलरमध्ये बोअरचं पाणी घालतो. परवा त्याची जाळी खरवडली तर वाटीभर पांढरा चुरा निघाला. कूलरचा पंप दुपारी गुळगुळ आवाज करतो. मला डुलकी लागलेली असते आणि वाटतं, मी कॉलेजातच आहे, प्रयोगशाळेत, आणि टाक्यांची हवा चालू आहे. मग पंप थांबतो आणि मी दचकून उठतो, की हवा बंद पडली, मासे मरतील. रिटायर होऊन तीन वर्षं झाली. तुझी माय म्हणते, "पगार बंद झाला, आता ड्यूटी तरी बंद करा."

तुझा मासा जिवंत आहे. पहिल्या टाकीतली ती चिलापी, तू गेल्यावर मी घरी आणली होती. मायला त्याचं तोंड आवडत नाही. तिचं म्हणणं, मी जेवत असलो की तो माझ्याकडेच बघतो. खरं म्हणजे बघतोच. काचेला तोंड लावतो, कल्ले उघडतो, मिटतो, उघडतो. मी ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जातो.

असो. लिहायचं कारण वेगळं. माय म्हणाली, तुमच्या संस्थेत नोकरीसाठी अभयचा अर्ज आलाय. एकाच प्रयोगशाळेत तुम्ही दोघं होतात म्हणून समितीनं तुझं मत मागवलंय, आणि पाच जूनच्या आत तू लेखी देणार आहेस. काय देणार, तेही माय म्हणाली. की या माणसानं साध्या पाण्याच्या टाकीतला नमुना घेतलाच नाही, दुसऱ्या टाकीचा नमुना दोन नळ्यांत भरला आणि तुझं तीन वर्षांचं काम मातीत घातलं.

अंबिका, घाई करू नकोस. मी फक्त दहावी पास आहे, पण पंचवीस वर्षं टाक्या धुतल्यात. टाकीत शंभर गोष्टी होतात. माणूस लबाडच असला पाहिजे असं नाही. एवढंच सांगायचं होतं.

तब्येतीला जप. तिकडं नारळाचं खाऊन पित्त होत असेल.

तुझे,
आण्णा


मुकुंदवाडी
१० मे २०२५

चि. अंबिकास,
अनेक आशीर्वाद.

माझं पत्र पोचलं हे रविवारी मायच्या तोंडावरून कळलं. तू म्हणालीस म्हणे, "आण्णांना सांग, आता वकिली करू नका. तेव्हा तर तुम्हीच म्हणला होतात की बरं झालं, लग्नाआधी कळलं." मायनं ते मला जसंच्या तसं सांगितलं. बाईला निरोप पोचवताना एकही शब्द गाळायची सवय नाही.

म्हणलो होतो. नाकारत नाही.

गुरुवारी मी वैजापूरला जाऊन आलो. मायला सांगितलं, कांद्याचा भाव बघायला चाललोय. ती हसायला लागली. म्हणाली, "आपला कांदा कुठंय?" मी पिशवी घेतली आणि निघालो. थाप मारायची तर निदान घरात असलेल्या वस्तूची मारावी, हे या वयातही जमत नाही.

अभय तिथल्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. सुट्टीतही आला होता, पेपर तपासत होता. केस पांढरे झालेत, तुझ्याएवढाच असून. मला बघून उठला, पंखा माझ्याकडे वळवला, पोराला चहा सांगायच्या ऐवजी स्वतः गेला. मी तोवर खोली बघत होतो. दोन टाक्या, स्वच्छ. भिंतीवर कागद चिकटवलाय, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय: आधी साधं पाणी मोजा.

चहा आणला तेव्हा त्यानं माझी नजर कुठंय ते बघितलं.

"पोरांना पहिल्या दिवशी तेच शिकवतो काका," तो म्हणाला. "आपण मिठाच्या तीन टाक्या दोन वेळ मोजायचो. साधी टाकी कुणी मोजलीच नाय. ज्यात मीठ नाय त्यात काय मोजायचं, असं वाटायचं."

मी म्हणलो, "व्हय."

"लई विचार केला मी. सहा वर्षं तोच विचार. नमुना मी घेतला होता, माझ्या हातानं, पहिल्या टाकीचा पहिल्या नळीत. तरी दोन्हीचं उत्तर एकच आलं. म्हणजे टाकीतच मीठ गेलं असणार. दुसरं काय असणार?"

मी बशीत चहा ओतला. लई गरम होता.

"कसं गेलं, तेवढं मात्र कळलं नाय," तो म्हणाला, आणि मग तुझी चौकशी केली. बरी आहे म्हणलो. मायचीही केली. मला स्टँडपर्यंत सोडायला आला, बाटलीत पाणी भरून दिलं, आणि एसटी निघेपर्यंत उन्हात उभा राहिला. मी खिडकीतून दोनदा वाकलो. दोन्ही वेळेला बाटलीचं झाकण घट्ट करून परत बसलो.

घरी आलो तर माय म्हणाली, "काय भाव?" मी म्हणलो, पडलाय.

त्या दिवसापासून जेवण जात नाही. तसं मीठ तर मी पानात कधीचंच घेत नाही. मायला वाटतं रक्तदाबामुळे. डॉक्टरांनी मला तसं काही सांगितलेलं नाही.

पुढच्या पत्रात सगळं नीट लिहीन.

आण्णा


मुकुंदवाडी
१८ मे २०२५

अंबिका,

मीठ मी घातलं.

आता पहिल्यापासून सांगतो. मधे वाचायची थांबलीस तरी चालेल, पण समितीला लिहायच्या आधी पूर्ण कर.

मे २०१९. तुझी आजी चतुराबाई वारली आणि तू मायला घेऊन अजिंठ्याला गेलीस, तेराव्यापर्यंत. कॉलेजला सुट्टी होती. मासे बघायला मी, आणि मोजमापाला दुपारी अभय. चार टाक्या, प्रत्येकीत दोनशे लिटर पाणी. पहिली साधी. दुसरीत लिटरला तीन ग्रॅम मीठ, तिसरीत सहा, चौथीत नऊ. तू मला किती वेळा समजावलं होतंस. माशाच्या कल्ल्यांवर जिवाणूंची अख्खी वस्ती असते, पाण्यात मीठ वाढलं की त्यातले काही उठून जातात आणि दुसरेच येऊन बसतात. मी चेष्टेत म्हणलो होतो, "म्हणजे आपल्या मेंढरांच्या वाड्यासारखं. चारा सरला की वाडा उठतो." तू म्हणालीस, "तसंच आण्णा, पण एक फरक आहे. मीठ परत कमी केलं तरी जुने सगळे परततीलच असं नाही." तेव्हा तू माझ्याशी किती बोलायचीस.

तेरा तारखेला सकाळी पहिल्या टाकीतले मासे वर येऊन तोंड मारायला लागले. एकाला पकडून कल्ला उचलून बघितला. आत कापसासारखा पांढरा थर धरला होता. मासे मरायला टेकले होते. तुला फोन करायचा होता, पण घरात सुतक, तू रडत असशील, म्हणून नाही केला. अभयला सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. कालचं पोर, मला मासे शिकवणार? आणि दुसरंही होतं. त्याच्या आदल्या आठवड्यात मी तुम्हा दोघांना एका डब्यात जेवताना बघितलं होतं, प्रयोगशाळेमागच्या खोलीत, दार लावून नव्हे, उघडं ठेवून. त्याच्या हातून काही घ्यावं असं मला त्या वेळी वाटत नव्हतं, सल्लाही नाही.

माझा बाप कारभारी, तुझा आजा, मेंढरू मलूल झालं की आधी हातावर मीठ धरायचा. खडा चाटला की मेंढरू उठायचं. मी कॉलेजातही तेच केलं, नोकरी लागल्यापासून. मासा आजारी पडला की मूठभर जाडं मीठ, आणि मासे बरे व्हायचे. जुने सर हसायचे, पण करू द्यायचे. म्हणून चौदा तारखेला सकाळी एक मूठ घातली. संध्याकाळी एक. असं अठरापर्यंत. थर गेला, मासे खाली जाऊन फिरायला लागले. मला इतका आनंद झाला, की तू आल्यावर सांगायचं ठरवलं होतं, बघ, तुझे मासे मी मरू दिले नाहीत.

नोंदवहीत चार रकाने होते: तापमान, खाद्य, पाणी, औषध. औषधाचा रकाना मी रिकामा ठेवला. यात लबाडी नव्हती, अंबिका, एवढं एक खरं मान. धनगराच्या घरात मिठाला औषध म्हणत नाहीत. मीठ म्हणजे चारा. मला ते लिहायचं सुचलंच नाही.

एकवीसला अभयनं चारही टाक्यांतल्या माशांचे कल्ले पुसून नमुने घेतले. बावीसला मी पहिल्या टाकीचं पाणी बदललं, कारण इलाज झाला की पाणी बदलायचं असतं. चोवीसला तू आलीस तेव्हा पाणी साधं होतं आणि मासे ठणठणीत.

मग जुलैत पुण्याहून तपासणीचा निकाल आला. पहिल्या आणि दुसऱ्या टाकीच्या कल्ल्यांवर एकच वस्ती. मोठ्या सरांच्या खोलीत तू, अभय, सर. मी चहा घेऊन आत आलो होतो. सर म्हणत होते, एवढं सारखं उत्तर येतं ते एकच नमुना दोनदा भरला तरच. तुझं तोंड पांढरं पडलं होतं. अभयनं तुझ्याकडे बघितलं, तू त्याच्याकडे बघितलं नाहीस. मग तो माझ्याकडे वळला.

"काका, टाकीत काही घातलं होतं का?"

ट्रे माझ्या हातात होता. त्या क्षणाला, त्यानं विचारल्यावर, मला पहिल्यांदा कळलं की काय झालंय. त्याच्या आधी कळलं नव्हतं, देवाशपथ. आणि कळल्यावर मी म्हणलो, "नाय बा. मी कशाला घालू?"

भीती होती. संशोधनाच्या टाकीत न विचारता काही घालू नये असा कागदच लावला होता दारावर. नोकरी जाईल ही भीती. बापानंच पोरीचं काम बुडवलं, परिचराची पोर संशोधन करायला निघाली आणि बघा, असं सगळं कॉलेज म्हणेल ही त्याहून मोठी. ही भीती पंधरा दिवस टिकली असेल. त्यानंतर मी तुला घरात सांगू शकलो असतो. माय आणि मी, तू, तिघंच असायचो. तू जेवत नव्हतीस. मी तुझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणलो, बरं झालं, लग्नाआधी कळलं.

ते मी भीतीनं म्हणलो नव्हतो. अभय आपल्यातला नव्हता आणि तो आपणहून बाजूला झाला होता. मला एक बोटही उचलावं लागलं नव्हतं, भांडण नाही, समाजात बोलणी नाहीत. एक मूठ मिठानं माझं काम केलं होतं. मला ते बरं वाटलं. हे लिहायला मला सहा वर्षं आणि तीन पत्रं लागली.

तुला कळलं होतं. कोचीला निघालीस त्या दिवशी मुकुंदवाडी स्टेशनवर बॅग माझ्या हातातून घेताना तू विचारलंस, "आण्णा, तुम्हाला आनंद झाला ना?" मी सिग्नलकडे बघत बसलो.

व्हय. झाला होता.

तो पुढं टिकला नाही, हे मी माझ्या बाजूनं लिहीत नाही, फक्त झालं ते सांगतो. तू गेल्यावर सरांनी टाक्या रिकाम्या करायला सांगितल्या. टाक्यांतले मासे मी गावाबाहेरच्या तळ्यात सोडले, पहिलीतला एक मात्र सोडता येईना. घरी आणला. तेव्हापासून तो काचेला येतो, तोंड उघडतो, आणि दरवेळी मला ऐकू येतं, काका, टाकीत काही घातलं होतं का. कूलरच्या पंपात तेच. नळाला आठ दिवसांनी पाणी येतं तेव्हा आधी हवा येते, खोकल्यासारखी, त्यातही तेच. बरं, आवाज चढा नाही त्याचा. तेव्हाही नव्हता. विश्वासानं विचारलं होतं त्यानं. त्याला वाटलं होतं, हा माणूस खरं सांगेल.

मायला अजून सांगितलेलं नाही. आज सांगणार आहे. तुझ्या समितीला काय लिहायचं ते तू ठरव, पण अभयनं लबाडी केली असं लिहू नकोस. माझं नाव लिही. पेन्शन बंद झाली तरी चालेल.

रामहरी


मुकुंदवाडी
२९ मे २०२५

अंबिका,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. पाकीट जड नव्हतं, तरी मी ते फोडायच्या आधी पाय धुऊन आलो. आत चार ओळी. प्रत्येक मुठीत मीठ किती ग्रॅम? एकूण किती मुठी? कोणत्या तारखा? टाकीत पाणी किती होतं? वर आण्णा नाही, खाली सही नाही. मी ते बरोबर मानतो.

माय आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. बोलली तेव्हा म्हणाली, "त्या पोरानं मला आंब्याची पेटी आणून दिली होती. मी ती शेजारी वाटून टाकली, तुम्ही म्हणलात म्हणून." एवढंच. मग स्वयंपाकघरातून जाड्या मिठाचं पुडकं आणून माझ्या पुढ्यात ठेवलं.

मी आप्पासाहेबांच्या किराणा दुकानात गेलो, त्यांच्याकडे ग्रॅमचा काटा आहे. सकाळी दुकान उघडल्याबरोबर गेलो, गिऱ्हाईक नसतं. त्यांनी विचारलं, काय चाललंय. मी म्हणलो, पोरीच्या प्रयोगाचं आहे. दहा वेळा मूठ भरली, दहा वेळा काट्यावर सोडली. तेव्हा भरायचो तशीच भरली, अंगठा वर, न दाबता. अठ्ठावन्न, त्रेसष्ट, साठ, एकसष्ट, पंचावन्न, चौसष्ट, बासष्ट, साठ, त्रेसष्ट, चौसष्ट. मिळून सहाशे दहा. आप्पासाहेबांनी कागदावर बेरीज करून दिली, तो कागद सोबत आहे.

पण हे आताच्या हाताचं वजन. सहा वर्षांत माझा हात वाळलाय, लग्नातली अंगठी सुतळी गुंडाळून घालतो. तेव्हाची मूठ मोठी होती. दर मुठीला आठ-दहा ग्रॅम जास्त धर. तारखा चौदा ते अठरा मे, सकाळ-संध्याकाळ, म्हणजे दहा मुठी. पाणी दोनशे लिटरच्या खुणेपर्यंत, पण उन्हानं रोज बोटभर उतरायचं आणि मी वरून बोअरचं घालायचो, तेही धर. बोअरच्या पाण्यात काय असतं ते कूलरच्या जाळीवर दिसतं. माझ्या हिशोबानं लिटरला तीन ग्रॅमच्या थोडं वर जातं. तुझी दुसरी टाकी तीनची होती. म्हणजे एकवीस मे रोजी तुझ्याकडे साध्या पाण्याची टाकी नव्हतीच, तीनच्याच दोन टाक्या होत्या, आणि अभयनं दोन्हींचे नमुने बरोबर घेतले होते. तुझं कामही चुकलेलं नव्हतं. जिवाणूंनी खरं तेच सांगितलं. खोटं फक्त मी बोललो.

वेगळ्या कागदावर मी हे सगळं, रामहरी कारभारी, माजी प्रयोगशाळा परिचर, असं नाव घालून लिहून दिलंय. खाली सही आणि अंगठाही. त्याची एक प्रत कॉलेजात आताच्या सरांना नेऊन दिली. त्यांनी वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, रिटायर झाल्यावर कशाला. मी पोच घेऊन आलो.

मासा अजून आहे. सहा वर्षं साध्या पाण्यात आहे. त्याच्या कल्ल्यांवर आता कोणाची वस्ती आहे ते तुलाच सांगता येईल, आलीस कधी तर. ये म्हणत नाही. आहे एवढं कळवतो.

राहिलं एक. अभयला पत्रानं कळवायचं मला पटेना, म्हणून काल परत वैजापूरला गेलो. या वेळी मायला खरं सांगून गेलो, आणि ती बरोबर आली. ती बाहेर बाकावर बसली. मी आत गेलो आणि उभ्यानंच सांगितलं. मीठ मी घातलं होतं, तू विचारलंस तेव्हा मला माहीत होतं, आणि मी नाही म्हणलो. नंतरचंही सांगितलं, मला बरं वाटलं होतं ते.

तो उठून टाकीपाशी गेला आणि परत येऊन बसला. मला वाटलं, ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. मग त्यानं टेबलावरून कागद ओढला, पेन्सिल घेतली, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "प्रत्येक मुठीत किती ग्रॅम, काका? एकूण किती मुठी?"

तुझं पत्र माझ्या खिशात होतं. ते मी त्याला दाखवलं नाही.

त्यालाही मी हेच आकडे दिलेत.

रामहरी